मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि आत बसणारी लेन्स: आईची मोनोफोकल, मामाची ट्रायफोकल, दोन्हीचा रिव्ह्यू

आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाचपैकी पाच. साध्या मोनोफोकल लेन्सला, म्हणजे एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणाऱ्या, साडेचार. ट्रायफोकलला, म्हणजे लांब, मधलं, जवळ तिन्ही दाखवणाऱ्या, साडेतीन, पण काही जणांसाठी तीच पाच होऊ शकते, कोणासाठी ते खाली लिहिलंय. आणि ऑपरेशनच्या आधी कुठली लेन्स घ्यायची हे समजावून सांगायचं जे काउन्सेलिंग असतं त्याला दोन, आणि हा सगळा रिव्ह्यू मी मुख्यतः त्या दोनसाठी लिहितेय कारण ऑपरेशन सर्जन करतात आणि ते बहुतेक वेळा छानच होतं, लेन्स मात्र आपण निवडायची असते आणि ती बहुतेकांची आयुष्यभर डोळ्यात राहते. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, दोघांची ऑपरेशनं वेगवेगळ्या ठिकाणी झाली आणि दोन्हीकडे हा भाग घाईतच उरकला गेला.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वरून चढलेला पडदा असं अजूनही खूप जणांना वाटतं, तसं नाहीये. डोळ्यात बाहुलीच्या मागे आपली स्वतःची एक पारदर्शक लेन्स असते, पाणी आणि प्रोटीनची बनलेली, आणि वय वाढलं की त्या प्रोटीनच्या गुठळ्या व्हायला लागतात, लेन्स पिवळट होते, गढूळ होते आणि उजेड सरळ आत जायच्या ऐवजी पसरतो. वय हे मुख्य कारण, पण डायबेटिस, सिगारेट, वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइड्स, डोळ्याला लागलेला मार, खूप ऊन, यांनी पण लवकर येतो. जगात अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण आजही मोतीबिंदूच आहे, आणि ते ऑपरेशनने परत फिरवता येणारं अंधत्व आहे, म्हणून मला या विषयाबद्दल एवढं तळमळीने लिहावंसं वाटतं.

आता गंमत बघा, आई आणि मामा सख्खे बहीणभाऊ, पण दोघांचा मोतीबिंदू वेगळा. आईचा लेन्सच्या मधल्या गाभ्याचा, म्हणजे न्यूक्लिअर. हा हळूहळू वाढतो, गाभा घट्ट झाला की लेन्सची ताकद वाढते आणि माणूस थोडा मायनस नंबरकडे सरकतो, त्यामुळे आईला अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला आणि घरात सगळे खूश, डोळे सुधारले म्हणून! तुमच्या घरात कोणाला साठी-सत्तरीत असं झालं तर कौतुक करा पण डोळे तपासून पण घ्या. थोड्या काळाने लांबचं धूसर झालं, रंग मळके दिसायला लागले, नेव्ही ब्लू आणि काळा यातला फरक कळेना, आणि चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला.

मामाचं उलटं. त्याने सांधेदुखीसाठी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि त्याचा मोतीबिंदू लेन्सच्या अगदी मागच्या बाजूला आला. या प्रकारात उन्हात आणि भरपूर प्रकाशातच जास्त त्रास होतो, कारण प्रकाशात बाहुली बारीक होते आणि डाग नेमका मधोमध, बघायच्या वाटेवरच असतो. मामा म्हणायचा मला संध्याकाळी बरं दिसतं आणि दुपारी काही दिसत नाही, आणि आम्हाला वाटायचं काहीतरीच काय बोलतोय. हा प्रकार वाढतो पण लवकर आणि वाचताना जास्त अडवतो.

ड्रॉप्सबद्दल एका वाक्यात: मोतीबिंदू विरघळवणारे कुठलेही ड्रॉप्स, गोळ्या, व्यायाम, मध वगैरे काहीही नाहीये, कोणी विकत असेल तर घेऊ नका आणि डोळ्यात तर अजिबात घालू नका.

"पिकू द्या मग बघू" हे मात्र जरा सविस्तर लिहिते कारण आईने पण हेच धरून ठेवलं होतं. हा सल्ला जुन्या काळी बरोबर होता. तेव्हाच्या पद्धतीत मोठा छेद घेऊन लेन्स किंवा तिचा घट्ट गाभा अख्खा बाहेर काढायचे, टाके घालायचे, वर जाड भिंगाचा चष्मा द्यायचे, तर एवढा त्रास घ्यायचा तर नजर पूर्ण गेल्यावरच घ्या असा हिशोब होता. आता उलट आहे. आता लेन्स आतच फोडून ओढून घेतात त्यामुळे जितकी कडक तितकी फोडायला जास्त ताकद लागते आणि कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या पेशींना जास्त धक्का बसतो, आणि त्या पेशी परत तयार होत नाहीत. फारच पिकू दिला तर लेन्समधलं प्रोटीन बाहेर झिरपून डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, ते तर इमर्जन्सीच. पण याचा अर्थ रिपोर्टमध्ये मोतीबिंदू शब्द दिसला की पळत जाऊन ऑपरेशन करा असा पण नाही. सुरुवातीचा असेल, त्रास काही नसेल, चष्म्याने नीट दिसत असेल तर थांबता येतं. रोजच्या कामात अडायला लागलं, रात्री समोरच्या गाडीच्या लाइटने काही दिसेनासं झालं, पायऱ्या उतरताना चाचपडायला होतंय, की मग वेळ झाली. पायऱ्यांचं मी मुद्दाम लिहितेय, वयस्कर माणूस पडणं हे डोळ्यापेक्षा मोठं दुखणं होऊन बसतं. डायबेटिस असेल तर अजून एक कारण, मागचा पडदा म्हणजे रेटिना डॉक्टरला नीट दिसायला हवा, मोतीबिंदू आड येत असेल तर तो काढून घेणं बरं.

आता सर्व्हिसकडे येते. सगळ्यात महत्त्वाची स्टेप ऑपरेशन नाही, त्याआधीचं माप आहे. बायोमेट्री म्हणतात. आत कुठल्या पॉवरची लेन्स बसवायची हे डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा गोलवा मोजून फॉर्म्युल्याने काढतात, आणि डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो, त्यात एक मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो! म्हणजे एवढ्याशा मापावर तुम्हाला नंतर लांबचं चष्म्याशिवाय दिसणार की नाही हे ठरतं. दोघांचं माप प्रकाशावर चालणाऱ्या मशीनने केलं, डोळ्याला काही टेकवत नाहीत, हनुवटी ठेवून सरळ बघायचं. आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू दाट होता म्हणून तिथे त्या मशीनला रीडिंग मिळेना, मग सोनोग्राफीसारखं ए-स्कॅन केलं. टेक्निशियनने रीडिंग परत परत घेतलं, न कंटाळता, आणि आईला सांगितलं की डोळे कोरडे आहेत, आधी काही दिवस लुब्रिकंट ड्रॉप्स घाला आणि मग परत माप घेऊ कारण कोरड्या डोळ्यावर कॉर्नियाचं रीडिंग चुकतं. या एका गोष्टीसाठी त्या मुलीला दहापैकी दहा. तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर मापाच्या आधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा, कॉर्नियाचा आकार मूळ जागी यायला वेळ लागतो, हार्ड लेन्स असेल तर अजून जास्त.

आणि औषधांची यादी. ही पुरुषांनी नीट वाचा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन नावाची गोळी खूप जण घेतात, मामा पण घेतो, तर त्या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत भाग म्हणजे आयरिस ढिला पडतो आणि ऑपरेशन चालू असताना फडफडतो, बाहुली मध्येच आकसते. गोळी आधी काही दिवस बंद केली तरी पूर्ण उपयोग होत नाही. पण सर्जनला आधी माहीत असेल तर ते तयारी ठेवतात, वेगळी औषधं, बाहुली उघडी धरणारे छोटे हुक किंवा रिंग. फॉर्मवर 'चालू औषधे' असा एक छोटासा रकाना होता, त्यात मामाने फक्त बीपी लिहिलं होतं कारण लघवीच्या गोळीचा आणि डोळ्याचा काय संबंध असं कोणालाही वाटेल. मामीने पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो दाखवले म्हणून कळलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या पण सांगा, त्या आपल्या मनाने बंद करू नका, बऱ्याचदा चालू ठेवूनच ऑपरेशन होतं.

ऑपरेशन. फेको म्हणतात त्याला, म्हणजे फेकोइमल्सिफिकेशन. लोक याला लेझर म्हणतात पण लेझर नाही, अल्ट्रासाऊंडने कंप पावणारी बारीक सुई असते. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरने १९६७ मध्ये ही पद्धत आणली आणि कल्पना त्यांना सुचली दाताच्या डॉक्टरकडे, दात साफ करायचं अल्ट्रासाऊंडचं यंत्र बघून. छेद अडीच मिलिमीटरच्या आसपास, टाका बहुतेक वेळा नाहीच. लेन्सवर एक पारदर्शक आवरण असतं, त्याला समोरून गोल खिडकी पाडतात, आतला गढूळ भाग फोडून ओढून घेतात, मागचं आवरण तसंच ठेवतात आणि त्या रिकाम्या पिशवीत घडी घातलेली नवी लेन्स सोडतात, ती आत जाऊन उलगडते. ते मागचं आवरण मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकं पातळ असतं आणि सर्जन त्याला धक्का न लावता वर काम करत असतात, हे समजल्यावर मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो शब्दात नाही सांगता येत.

आईला फक्त ड्रॉप्सने डोळा बधिर केला, इंजेक्शन नाही. दुखलं नाही म्हणाली, पाण्यासारखं गार लागत होतं आणि झगझगीत रंगीत उजेड दिसत होता. वीसेक मिनिटांत बाहेर. मामाला डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं, त्याला ते सुरुवातीला टोचलं पण नंतर काही कळलं नाही. खूप पिकलेल्या मोतीबिंदूला काही सर्जन फेकोऐवजी सहा-सात मिलिमीटरचा बिनटाक्याचा छेद घेऊन हाताने काढतात, एसआयसीएस म्हणतात, त्याचे रिझल्ट पण उत्तम असतात, ते ऐकून जुनी पद्धत सांगतायत म्हणून घाबरू नका. आणि फेम्टो लेझरवाला, म्हणजे छेद घ्यायचं आणि लेन्स फोडायचं काही काम लेझरने करणारा पर्याय जास्त पैशात समोर ठेवतील, मशीन भारी आहे, पण नेहमीच्या मोतीबिंदूत शेवटी नजर साध्या फेकोपेक्षा चांगली येते असं मोठ्या चाचण्यांत काही दिसलेलं नाही. आम्ही घेतला नाही.

आता मुख्य भाग, लेन्स. डोळ्यात प्लास्टिकची लेन्स बसवायची कल्पना आली कुठून तर दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे म्हणजे पर्स्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले, आणि हॅरोल्ड रिडली या इंग्लिश डॉक्टरच्या लक्षात आलं की डोळा ते तुकडे शांतपणे सहन करतोय. १९४९ मध्ये लंडनला त्यांनी त्याच प्रकारच्या प्लास्टिकची पहिली लेन्स बसवली. तेव्हा त्यांना खूप विरोध झाला, आणि आज ती नसली तर आपण ऑपरेशन अपुरं म्हणू. आताच्या लेन्स मऊ अॅक्रिलिकच्या, मधला भाग सहा मिलिमीटरचा आणि दोन बारीक हात, पिशवीत अडकून राहायला.

मोनोफोकल म्हणजे एकाच अंतरावर फोकस. आईने लांबचं स्पष्ट घेतलं, वाचायला चष्मा लागतो. ज्या अंतराला लावलीय तिथलं इतकं स्वच्छ दिसतं की अर्धा मार्क फक्त वाचायच्या चष्म्याचा कापलाय. रात्रीचे दिवे सुटसुटीत, कमी उजेडात पण नीट दिसतं. काउन्सेलर मॅडमनी हिला 'बेसिक' म्हटलं आणि वरच्याला 'प्रीमियम', आणि हे ऐकून आईचा चेहरा असा झाला की आपण स्वतःच्या डोळ्यासाठी हलकं घेतोय. हे मला फार लागलं. मोनोफोकल हलकी नाहीये हो, समोरून येणारा प्रकाश ती सगळा एकाच फोकसला देते म्हणून तिचं चित्र सगळ्यात रेखीव असतं. आणि कोणी सांगितलं नाही अशी एक गोष्ट: फोकस लांबचाच घ्यायला पाहिजे असं काही नाही. ज्यांनी आयुष्यभर मायनस तीनचा चष्मा लावला आणि रात्री चष्मा काढून पुस्तक जवळ धरून वाचलं, त्यांना लांबचा फोकस दिला तर ती सवय जाते, चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही, आणि काही जण त्यानेच नाराज होतात. तुम्ही जवळचा फोकस मागू शकता आणि लांबच्यासाठी चष्मा लावू शकता. एक डोळा लांब एक डोळा जवळ असं पण करतात, पण ते सगळ्यांच्या मेंदूला जमत नाही, आधी कॉन्टॅक्ट लेन्सने करून बघा म्हणावं.

ट्रायफोकल म्हणजे लांब, मधलं आणि जवळ असे तीन फोकस. लेन्सवर बारीक गोल वलयं असतात, ती प्रकाश तीन ठिकाणी वाटतात. मामा आता चष्म्याशिवाय मोबाइल वाचतो, कॉम्प्युटर बघतो, गाडीचा बोर्ड वाचतो, दिवसभर चष्म्याला हात लावत नाही आणि त्याला त्याचा मनापासून आनंद आहे. पण प्रकाश वाटला जातो म्हणजे प्रत्येक ठिकाणी कमीच येतो. रात्री प्रत्येक दिव्याभोवती त्याला गोल वलय दिसतं, सुरुवातीला तर त्याने गाडी चालवणं सोडूनच दिलं होतं. काही महिन्यांत मेंदूला सवय होते असं डॉक्टर म्हणाले आणि झाली पण बऱ्यापैकी, वलयं आहेत पण तो आता त्यांच्याकडे बघत नाही. मंद उजेडात बारीक अक्षर अजून लागत नाही, दिवा लावावा लागतो. म्हणून साडेतीन.

तर कोणी घ्यावी? चष्मा नकोच असा ठाम विचार, दिवसा कामं, डोळ्याचा पडदा आणि नस निरोगी, आणि थोडी वलयं चालतील असा स्वभाव, त्यांनी बिनधास्त घ्या. रात्री गाडी चालवणारे, बारीक बघायची सवय असलेले, प्रत्येक गोष्ट अगदी काटेकोर लागणारे, यांनी दहा वेळा विचार करा. रेटिनाच्या मधल्या भागात म्हणजे मॅक्युलात बिघाड असेल किंवा काचबिंदूने नस बरीच गेली असेल तर घेऊच नये, कारण आधीच कमी झालेला कॉन्ट्रास्ट ही लेन्स अजून कमी करते. म्हणून आधी रेटिनाचा ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, करून घ्या, आईचा तर आम्हाला स्वतःहून मागावा लागला. मधला एक पर्याय आहे ईडॉफ, लांबचं आणि कॉम्प्युटरचं चांगलं, वलयं ट्रायफोकलपेक्षा साधारण कमी, बारीक वाचायला मात्र चष्मा लागू शकतो. आणि टॉरिक हा वेगळाच प्रकार, तो सिलिंडर नंबरसाठी, म्हणजे कॉर्नियाचा गोलवा सगळीकडे सारखा नसला की जो नंबर येतो त्यासाठी. तुमच्या कॉर्नियाला बऱ्यापैकी सिलिंडर असेल तर माझ्या मते पैसे इथे घाला, ट्रायफोकलपेक्षा आधी. ती नेमक्या कोनात बसवावी लागते, तीस अंश फिरली तर सिलिंडरचा सगळा फायदा गेला, तेव्हा अनुभवी सर्जन बघा.

माझी खरी तक्रार इथे आहे. काउन्सेलिंगमध्ये आईला कोणी विचारलंच नाही की तुम्ही दिवसभर करता काय. कागदावर तीन पॅकेज, तीन रंग, कुठलं करायचं सांगा. आई शिवणकाम करते, संध्याकाळी वाचते, रात्री बाहेर पडत नाही, हे मी मध्ये पडून सांगितलं तेव्हा चर्चा सुरू झाली. मामाच्या वेळी तरी वलयांचं चित्र दाखवलं होतं, पण त्याची रात्रीची गाडी कोणाच्या डोक्यात आली नाही. ज्या माणसाला समोरचा कागद नीट दिसत नाहीये त्याला त्या कागदावरून निर्णय घ्यायला लावू नका हो. वेळ मागून घ्या, घरी या, विचार करा, मोतीबिंदू चार दिवसांत कुठे पळून जात नाही.

नंतरचं. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचे ड्रॉप्स, स्टेरॉइड हळूहळू कमी करत साधारण महिनाभर. चोळायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री शील्ड लावून झोपायचं. थोडं खुपणं, पाणी येणं चालतं. पण दुखणं वाढायला लागलं, लाल होत गेला, दिसत होतं ते कमी झालं, किंवा चमका आणि काळे ठिपके एकदम वाढले तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आतलं इन्फेक्शन क्वचित होतं पण झालं तर तास महत्त्वाचे असतात. वाचायच्या चष्म्याची घाई नको, नंबर स्थिर व्हायला चार-सहा आठवडे जातात.

पट्टी काढल्यावर आईला सगळ्यात जास्त काय आवडलं तर निळा रंग. पिवळी पडलेली लेन्स निळा प्रकाश अडवते, ती गेली की निळं एकदम निळं दिसतं. तिने एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून तीच साडी परत परत बघितली आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख त्याच दिवशी विचारली.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर वाटलं तर मोतीबिंदू परत आला असं समजू नका, तो परत येत नाही. जे मागचं आवरण ठेवलेलं असतं त्यावर पेशी वाढून ते गढूळ होतं, बऱ्याच जणांना होतं. त्याला याग लेझर, आणि हे मात्र खरंच लेझर, काही मिनिटांचं काम, छेद नाही, आवरणात मधे छोटी खिडकी पाडतात. मामाचं झालंय, घरी येईपर्यंत फरक कळला. आणि लेन्सच्या बॉक्समधलं स्टिकर, ज्यावर मॉडेल, पॉवर आणि सिरीयल नंबर असतो, ते फाइलला लावलंय का ते घरी निघायच्या आधी बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या डोळ्याची लेन्स ठरवताना आईच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेच मागितलं.